गाडी अडली की दार कुणाचं वाजवायचं?

दसरा-दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर दुचाकीवर लांब जाणाऱ्यांची बरीच पत्रं आली आहेत. प्रश्न जसे पान्याचे आणि पंक्चरचे आहेत, तसेच वाटेत मदत करणाऱ्या अनोळखी माणसांशी कसं वागावं याचेही. दोन्हींची उत्तरं एकत्रच देतो. आपली तयारी पुरी असेल तर मदत खरी गरज असेल तेव्हाच मागितली जाते, आणि नीट मागितलेली मदत मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यासाठीही दार उघडं ठेवते.

प्रश्न : आम्ही सहा मित्र, चार मोटरसायकली आणि दोन स्कूटर. लालबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागरला जायचं आहे. मागच्या खेपेला तीनदा चुकामूक झाली. रस्ता आणि रांग कशी ठेवावी? (वाचक, लालबाग)

उत्तर : अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही, हे आधी सगळ्यांना सांगा. तुम्हाला सोयीचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा. समुद्र खवळलेला असला की बोट रद्द होते, तेव्हा वाशी, पनवेल, पेण, वडखळ करून अलिबाग गाठायचं. पुढे रेवदंडा, काशीद, मुरुड, आगरदांडा. तिथून फेरीबोटीने, म्हणजे स्थानिकांच्या तोंडच्या जंगलजेटीने दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला दुसरी जेटी, पलीकडे वेश्वी. केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली करत दाभोळ, आणि तिसऱ्या जेटीने धोपावे. तिथून गुहागर जवळच. हे सगळं एका दिवसात दामटू नका. मुक्काम दिवेआगर किंवा हरिहरेश्वरला धरा, कारण अंधार पडल्यावर किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यावर गुरं बसलेली असतात.

जेटीच्या उतारावर ओलं शेवाळ असतं. एका वेळी एकच गाडी, सरळ रेषेत, पहिल्या गिअरमध्ये उतरवायची. पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही, दाबलात तर चाक सरकलंच. बोटीवर गाडी साइड स्टँडवर लावून गिअरमध्ये ठेवा आणि तिच्या बाजूलाच उभे राहा. स्कूटरला गिअर नसतो, म्हणून तिचा मागचा ब्रेक दाबून रबरी पट्ट्याने बांधून टाका. फोटो काढायला सगळेच कठड्याशी गेले आणि बोट हेलकावली, की एक गाडी दुसरीवर पडते आणि सगळी ओळ आडवी होते.

आता चुकामूक. फोनवर विसंबू नका, डोंगराच्या घड्यांत रेंज जाते. सगळ्यात हळू चालवणारा पुढच्या गाडीच्या लगेच मागे, सगळ्यात सराईत माणूस शेवटी. प्रत्येकाने फक्त आपल्या आरशात दिसणारा मागच्या गाडीचा दिवा सांभाळायचा. तो दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरीही दिसला नाही तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबायचं. असं प्रत्येकाने केलं की दोन मिनिटांत पुढच्यापर्यंत निरोप पोचतो. फाट्यावर दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीने थांबून शेवटची गाडी वळेपर्यंत हात दाखवायचा आणि मग शेवटून दुसरं होऊन निघायचं. भेटीची ठिकाणं निघण्याआधी कागदावर लिहा, दर 50-60 किलोमीटरला एक. हॉटेलपेक्षा त्या गावचा एसटी स्टँड ठरवा, कारण तो गावात कुणालाही विचारला तरी सांगता येतो.

सरळ रस्त्यावर तिरपी रांग, म्हणजे एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, आणि पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे साधारण 33 मीटर मोकळी जागा हवी. ओल्या रस्त्यावर ती दुप्पट. घाटात तिरपी रांग मोडून एकामागे एक.

पेट्रोलचा हिशोब सगळ्यात लहान टाकीवरून. स्कूटरची टाकी पाच लिटरच्या आसपास, सामान आणि चढ धरून लिटरला 40 मिळाले तरी हातात 200 किलोमीटर. म्हणून 120 झाले की सगळ्यांनीच भरायचं, ज्यांची टाकी अर्धी आहे त्यांनीही. अलिबाग, श्रीवर्धन, दापोली ही ठिकाणं त्यासाठी चुकवू नका.

प्रश्न : ट्यूबलेस टायरचं पंक्चर किट घेतलं आहे, पण वापरलेलं नाही. रस्त्यात नेमकं काय करायचं? (वाचक, परळ)

उत्तर : पहिल्यांदा रस्त्यात वापरू नका. गॅरेजमधून एखादा टाकून दिलेला टायर मागून घ्या, त्यात खिळा ठोका आणि घरी दोनदा करून बघा.

रस्त्यात खिळा दिसला की लगेच उपटायचा नाही. तो आत असेपर्यंत हवा हळूहळू जाते. आधी किट उघडून मांडा, चिकट स्ट्रिप सुईच्या नेढ्यातून मधोमध ओवून ठेवा, पंप जवळ घ्या, मगच पकडीने खिळा ओढा. तो कोणत्या कोनात निघतो ते नीट बघा, कारण पुढचं सगळं त्याच कोनात करायचं आहे. सरळ घुसवलेली सळई तिरक्या भोकाशेजारी दुसरं भोक पाडते, आणि मग कितीही स्ट्रिपा घाला, हवा थांबत नाही. टी-आकाराची खरबरीत सळई भोकात घालून पाच-सहा वेळा आतबाहेर करा. याने भोक मोठं होईल म्हणून लोक कचरतात, पण भोकाच्या कडा खडबडीत झाल्याशिवाय स्ट्रिप चिकटत नाही. मग सोल्यूशन लावून सुई जोर देऊन आत ढकला. स्ट्रिपची दोन टोकं साधारण दीड सेंटिमीटर बाहेर राहिली की थांबा, आणि सुई न फिरवता एका झटक्यात बाहेर ओढा. स्ट्रिप आत राहते. बाहेरचं शेपूट अगदी मुळाशी न कापता तीन-चार मिलिमीटर ठेवा.

हवा भरून त्या जागी साबणाचं पाणी किंवा थुंकी लावा. बुडबुडा वाढत असेल तर दुसरी स्ट्रिप शेजारी घाला. बॅटरीवरचा छोटा कॉम्प्रेसर असेल तर इंजिन चालू ठेवून, चिमटे थेट बॅटरीला लावून वापरा. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटमधून लावलात तर फ्यूज उडतो. पाउंड किती भरायचे ते गाडीच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. तो थंड टायरचा आकडा आहे, 50 किलोमीटर पळवून आणलेल्या गरम टायरचा नाही.

टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर स्ट्रिप घालू नका. ती भिंत चालताना सतत वाकते आणि स्ट्रिप उडून जाते. तिथे टेम्पो शोधायचा.

स्पोकच्या चाकांच्या बहुतेक गाड्यांना ट्यूब असते. त्यांनी पुढच्या आणि मागच्या चाकाची एकेक ट्यूब आपल्याबरोबर ठेवावी. वाडीतला पंक्चरवाला हाताचा पक्का असतो, पण 18 किंवा 19 इंची ट्यूब त्याच्या खुंटीला असेलच असं नाही. ट्यूब बदलताना जुना खिळा सापडला म्हणून हात धुऊ नका. टायरच्या आतून सगळीकडे फडका फिरवा, अडकला तर तिथे दुसरा काटा आहे. बोट फिरवू नका, कापतं. नवी ट्यूब दहा किलोमीटरवर पुन्हा बसते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या काट्यामुळेच.

प्रश्न : घाट उतरताना पुढचा ब्रेक एकदम पोचट झाला, लिव्हर हँडलला टेकला. गाडी नुकतीच सर्व्हिस केलेली होती. (वाचक, भांडुप)

उत्तर : ब्रेक ऑइल जुनं असणार. ते हवेतला ओलावा शोषतं, मुंबईच्या दमट हवेत तर जास्तच. सतत ब्रेक दाबून डिस्क तापली की त्या ओलाव्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून लिव्हर पोकळ लागतो. बाजूला थांबून अर्धा तास गाडी निवू द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला सांगा, सर्व्हिसच्या बिलात ते लिहिलेलं आहे का बघा. आणि माळशेज असो की कशेडी, ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याचा नाद सोडा.

प्रश्न : क्लच वायर तुटली की दुसरी घालायला मेकॅनिक लागतोच का? (वाचक, विक्रोळी)

उत्तर : नाही. नवी वायर निघण्याआधीच जुनीच्या बाजूने, त्याच वाटेने नेऊन दोन ठिकाणी टेपने बांधून ठेवा. जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, पंधरा मिनिटांचं काम. आणि ती सांगूनच तुटते. लिव्हरच्या खोबणीत वायरच्या टोकाला जी गोल घुंडी बसते, तिच्या मुळाशी बारीक तारा एकेक करून तुटतात. रबर मागे सरकवून उजेडात बघा. केसासारखी एक तार जरी उभी राहिलेली दिसली तरी वायर बदलून टाका. चेनचंही याच वेळी बघा. मधोमध वर-खाली 20 ते 30 मिलिमीटर हलली पाहिजे, दर 500 किलोमीटरला आणि पावसात भिजली की त्याच दिवशी ऑइल.

प्रश्न : कसारा घाटाच्या अलीकडे रात्री मित्राचं पेट्रोल संपलं. पंपावर बाटलीत देत नाहीत. अशा वेळी काय करावं? (वाचक, मुलुंड)

उत्तर : प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देणं नियमात बसत नाही, पंपावरच्या मुलाशी त्यावरून वाद घालू नका. बरोबर दीड मीटर पारदर्शक नळी ठेवा, मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा असलेली. देणारी गाडी उंचावर, घेणारी खाली, दोन्ही इंजिनं बंद आणि निवलेली. तोंडाने ओढू नका. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो. लिटरभर पुरतं, तेवढ्यावर पंप गाठता येतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकी कोरडी होईपर्यंत मुळीच चालवू नका. तिचा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, कोरडा फिरला की जळतो.

प्रश्न : माणगावच्या पुढे एका वाडीत आमची गाडी बंद पडली. एका घरातल्या काकांनी पडवीत गाडी घेऊ दिली, मावशींनी चहा-पोहे केले, त्यांच्या मुलाने तालुक्याहून मेकॅनिक आणला. निघताना पाचशेची नोट पुढे केली तर काका नाराज झाले. आमचं चुकलं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : हेतू चांगला होता, पण हो, चुकलं. मेकॅनिक, पंक्चरवाला, टेम्पोवाला यांची ती मजुरी आहे. तिथे घासाघीस न करता पूर्ण द्यायची, तो "राहू दे" म्हणाला तरी द्यायची, कारण तेवढा वेळ त्याचं दुसरं काम अडलेलं असतं. मुलगा आपल्या गाडीवरून तालुक्याला जाऊन आला, त्याच्या टाकीत पेट्रोल भरून देणंही रास्त आहे. पंपावर त्याच्याबरोबर जाऊन भरा, हातावर पैसे ठेवू नका. मात्र घरातला चहा आणि पोहे यांची किंमत करायची नसते. तो पाहुणचार आहे, आणि नोट पुढे केली की त्याचं दुकान होतं.

परतफेड करायच्या वाटा पुष्कळ आहेत. कोकणातल्या घरात विकायला काही ना काही असतंच: आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, उकडे तांदूळ, सुके काजू. "घरचं काही मिळेल का, आईला न्यायचंय" असं विचारून किलोभर घ्या आणि ते सांगतील तो भाव द्या. दुसरं, बऱ्याच घरातलं कुणीतरी मुंबईत असतं, लालबागला, भांडुपला, विरारला. "मुंबईला काही पोचवायचंय का?" हा प्रश्न त्यांना फार मोलाचा वाटतो. पिशवी घ्या, पण त्यांच्यासमोर उघडून बघून घ्या आणि मुलाशी फोनवर बोलून घ्या. शिवलेलं, चिकटवलेलं बंद पार्सल कुणाचंही नको. पिशवी त्याच आठवड्यात पोचवा. महिनाभर तुमच्या माळ्यावर राहिलेल्या तांदळाला किडे लागतात आणि वाडीत तुमच्यामुळे पुढच्या मुंबईवाल्यांचं नाव खराब होतं.

तिसरं, फोटो. पडवीत सगळ्यांचा काढलेला फोटो मोबाइलवर पाठवून थांबू नका. 4 बाय 6 च्या दोन प्रती स्टुडिओतून छापून टपालाने पाठवा. निघताना पत्ता नीट लिहून घ्या: घरमालकाचं पूर्ण नाव, वाडी, मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड. वाडीचं नाव राहिलं तर एकाच आडनावाच्या दहा घरांत पाकीट फिरतं. मागे दोन ओळी हाताने लिहा. असा फोटो भिंतीवर लागतो.

आणि एक कळकळीची विनंती. त्या घराचं ठिकाण, काकांचा नंबर, "इथे फुकट चहा मिळतो" असं काहीही सगळ्यांसाठी टाकू नका. त्यांनी अडलेल्या माणसांना मदत केली, पर्यटकांना निमंत्रण दिलेलं नाही.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी एकाच स्कूटरवर फिरतो. गाडी अडली तर मदत कुणाकडे मागावी? (वाचक, दादर)

उत्तर : जिथे माणसांची रोजची वर्दळ आहे तिथे. एसटी स्टँडचा कंट्रोलर, पेट्रोल पंप, दवाखाना, किराणा दुकान आणि शाळा. घराशी जायचं असेल तर जिथे बाई अंगणात काम करताना दिसते त्या घराशी जा. हेल्मेट आधीच काढा, चेहरा दिसू द्या. एकीने गाडीपाशी थांबावं, एकीने विचारावं. फाटकाबाहेरूनच "मावशी, जरा पाणी मिळेल का?" असं म्हणा. पाणी देताना चार वाक्यं होतात, त्यातच घर कसं आहे ते कळतं. मग अडचण सांगा. चपला-बूट पडवीच्या पायरीखाली काढायचे, आत या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. हे मित्रांनाही लागू आहे, उलट त्यांना जास्तच. सहा हेल्मेटवाले एकदम अंगणात शिरले की दार बंद होणारच.

निघताना एका माणसाला ठरवून लाइव्ह लोकेशन द्या आणि दर मुक्कामाला फोन करायची वेळ नक्की करा. कुणी आपणहून गाडी थांबवून मदत करू लागलं तर त्याच्या गाडीच्या नंबराचा फोटो त्याच्यादेखत काढून घरी पाठवा. "आई विचारते म्हणून" एवढं सांगितलं की भल्या माणसाला त्याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याची मदत नको. मनात पाल चुकचुकली तर 112 फिरवा, फार विचार करत बसू नका.

प्रश्न : रस्त्यात दुसऱ्याचा अपघात दिसला. थांबावंसं वाटलं, पण पोलिसांचं झंझट मागे लागेल म्हणून मित्रांनी ओढून नेलं. तेव्हापासून मन खातं आहे. (वाचक, बोरिवली)

उत्तर : पुढच्या वेळी थांबा, कायदा तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगणं तुमच्या मर्जीवर आहे. दवाखान्यात पोचवल्यावर तुम्हाला अडवून ठेवता येत नाही, पैसे भरा म्हणता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हेही तुम्हीच ठरवायचं.

काय करायचं ते आधीच मित्रांत वाटून घ्या. आपल्या गाड्या अपघाताच्या मागे, येणाऱ्या वाहनांच्या बाजूला, 40-50 मीटरवर इंडिकेटर लावून उभ्या करा. वळणाच्या पलीकडे अपघात असेल तर एकाने वळणाच्या अलीकडे जाऊन हात दाखवायचा. ट्रकवाले रस्त्यावर झाडाची हिरवी फांदी टाकतात ती याचसाठी. तुम्हीही फांदी टाका, पण दगड ठेवू नका, आणि निघताना फांदी आठवणीने उचला. रात्री तीच दुसऱ्याला पाडते.

दुसऱ्याने 108 ला फोन करायचा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 लाही. जागा सांगताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, दगडाचा रंग (पिवळा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग), जवळचं गाव, आणि गाडी कुठल्या दिशेची, मुंबईकडे की गोव्याकडे. "घाटात, हॉटेलच्या पुढे" एवढ्यावर रुग्णवाहिका सापडत नाही.

तिसरा जखमीपाशी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमालाची घडी ठेवून तळहाताने जोर देऊन दाबा, आणि थांबलं का म्हणून उचलून बघू नका, भिजली तर वरून दुसरी घडी. पाणी पाजू नका. बेशुद्धीत ते श्वासनलिकेत जातं आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर अडचण होते. हेल्मेट उपटू नका. काच वर करा, श्वास चालू आहे का बघा. श्वास चालू असेल तर हेल्मेट राहू द्या आणि डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा. श्वास नसेल तरच काढायचं, आणि तेही दोघांनी मिळून: एकजण समोरून मान आणि जबडा धरतो, दुसरा पट्टा सोडून हेल्मेटच्या कडा बाहेर फाकवत हळूहळू मागे ओढतो. मान वाकली तर मणक्याला इजा होऊन माणूस कायमचा लुळा पडू शकतो. हेही घरी सतरंजीवर एकमेकांवर दोनदा करून बघा.

जखमीचा फोन कुलूपबंद असला तरी वाजला तर उचला, बहुधा घरचेच असतात. त्यांना आधी दवाखान्याचं नाव सांगा, मग बाकीचं.